दहाव्याला गरुड जेवत होता

माझं बूड एका जागी टिकत नाही. "पायाला भिंगरी बांधूनच आलीया ही," असं आई माझ्या लहानपणापासून म्हणायची, आणि पन्नाशी उलटली तरी त्यात फरक पडला नाही. पुण्यात एका छापखान्यात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासायचं काम केलं. दर दोन पानांनी उठायचे, पाणी प्यायचे, खिडकीशी जाऊन यायचे. चुका मात्र सुटायच्या नाहीत, म्हणून मालक काही बोलायचे नाहीत. अशा बाईच्या नशिबात शेवटी काय यावं? अंथरुणाला खिळलेली आई, आणि खिडकीसमोरच्या झाडावर तासन्‌तास न हलता बसणारा एक गरुड.

छापखाना बंद पडला तेव्हा नवऱ्याशी माझं फाटून जमाना झाला होता. मूलबाळ नव्हतं. मी भाड्यानं राहायचे ती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. त्याच पावसाळ्यात आई न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, तू ये," एवढंच म्हणाला. सगळ्यांच्याच सोयीचं झालं. आईला माणूस हवं होतं आणि मला छप्पर.

आमचं गाव मुळेच्या काठी, चांद्याच्या शेजारी. पलीकडे हिंजवडीच्या उंच इमारती दिसतात, अलीकडे अजून भाताची खाचरं आहेत, आणि मधल्या रस्त्यावरून दिवसभर काँक्रीटच्या गाड्या धडधडत असतात. भावानं निम्मी शेती ठेवलीय. उरलेल्या जागेत खोल्या काढून त्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरापोरींना भाड्यानं दिल्यात. घराची मागची खोली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चांगली. तिची खिडकी नदीकडे उघडते. खिडकीखाली उतार, उताराच्या टोकाला गावचा घाट, आणि घाटाच्या कडेला एक डेरेदार आंबा. आईची खाट खिडकीला लागून होती आणि माझी दाराशी.

जमिनीवरचा हक्क मी भावाच्या लग्नाच्या आधीच सोडून दिला होता. आमच्याकडे बहिणी तशी सही करतात, भाऊ साडी नेसवतो, माहेर शाबूत राहतं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण आई होती तोवर मी त्या घरात आईला बघणारी होते. आई गेल्यावर मी कोण, आणि त्या खोलीत कुठल्या नात्यानं राहणार, हे कुणी बोलत नव्हतं. भावजय वाईट नाही. तोंडानं फटकळ, हातानं मोकळी. पण एकदा मी आईला पेज भरवत असताना ती गवंड्याला खोलीत घेऊन आली. त्यानं टेप लावून भिंत मोजली आणि ती त्याला म्हणाली, "हितं न्हाणी काढली की फॅमिली ऱ्हाईल." माझ्यासमोर म्हणाली. माझ्यापासून ते लपवावं असं तिच्या मनातही आलं नाही, ह्याचाच मला जास्त राग आला. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. खोलीतली माझी पिशवीसुद्धा मी कपाटात ठेवायची बंद केली. ती खाटेखालीच असायची.

गरुड आला तो भात निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या त्या सुमारास. आधी मला वाटलं घारच आहे. पण घारीला इतका धीर नसतो. हा आंब्याच्या आतल्या जाड फांदीवर येऊन बसला की बसला. अंगानं चांगला थोराड, गडद तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके. डोळे आणि डोळ्यांपुढची कातडी पिवळीधमक. मानेमागची काळी-पांढरी पिसं फुलवली की त्याचं डोकं एकदम दुप्पट दिसायचं. भाडेकरूंमधली एक मुलगी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगरावर जायची. तिनं खिडकीतून पाहिलं आणि सांगितलं, हा सर्पगरुड, साप खातो. आई म्हणाली, "खाऊ दे की. सापाला कुनीतरी खायाला पायजेच."

त्याचं जेवण मी पहिल्यांदा नीट पाहिलं त्या दिवशी त्यानं खाचरातून एक दिवड उचलली होती. आमच्याकडे दिवडीला कुणी भीत नाही, पाण्यातला गरीब साप. ती त्याच्या पायाला वेटोळी घालत होती. त्यानं एका पायानं फांदी धरली, दुसऱ्यानं ती, आणि मान खाली घालून तिचं डोकं चोचीत चिरडलं. मग थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. थोडं आत, मग विसावा. पुन्हा थोडं आत, पुन्हा विसावा. शेपटी चोचीतून लोंबत होती आणि अजून वळवळत होती. मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते आणि माझ्याच घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. गिळ ना एकदाचं, असं मी मोठ्यांदा म्हणाले. आई हसली. "तुला कसली घाई? त्याचं जेवान हाय, तुजं न्हाई."

जेवण झालं की तो फांदीला चोच पुसायचा, आधी एक बाजू, मग दुसरी. आणि मग नुसता बसायचा. ह्या बसण्याचा मला संताप यायचा. मी आईचं अंथरूण बदलायचे, धुणं वाळत घालायचे, भांडी घासायचे, परत येऊन बघायचे, तर हा तिथंच. ना घर, ना दार, ना उद्याची काळजी. फांदी कुणाच्या नावावर आहे ह्याची ह्याला काय पडलीय, असं माझ्या मनात यायचं. आणि तरी मी दर थोड्या वेळानं खिडकीशी जायचेच. आई म्हणायची, "आलं का आमचं जावयबापू?"

त्याच्या जेवणाच्या वेळी घाटावरच्या कावळ्यांचं काय व्हायचं, ते मला तिथूनच कळलं. आमच्या घाटावर कावळे पुष्कळ. पंचक्रोशीतले दहावे तिथं होतात, त्यांना खायला कमी नाही. पण गरुड आंब्यात भक्ष्य घेऊन बसला की झाडून सगळे कावळे त्याच्याभोवती जमायचे आणि कोकलायचे. कुणी शेपटीला चोच मारून पळायचा, कुणी पंखावर झेप घ्यायचा. गरुड खांदे आवळून खात राहायचा. तो खाऊन उडून जाईपर्यंत एकही कावळा खाली उतरायचा नाही, मग खाली पंचपक्वान्नं वाढलेली का असेनात.

एकदा ह्याच्यामुळे एका म्हाताऱ्याची पंचाईत झाली. त्याच्या दहाव्याला पिंड ठेवून माणसं ताटकळत उभी होती आणि कावळे वर आंब्यात गरुडाशी भांडत होते. खालून पानांमुळे गरुड दिसत नव्हता, आमच्या खिडकीतून मात्र स्वच्छ दिसत होता. खालच्या लोकांना फक्त एवढं कळत होतं की कावळे आलेत, ओरडतायत, पण शिवत नाहीत. म्हाताऱ्याच्या मुलांनी एकेक करून हात जोडले, कसल्या कसल्या शपथा घेतल्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं खाली माना घालून गेली. मी सगळं आईला सांगत होते. आई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "बिचारा. काय नसंल मनात त्याच्या, उगंच बदनाम झाला." मग थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाली, "माज्या येळंला दगड मारून उठीव त्याला."

असल्या थट्टेच्या मागे दडून मी एकदा विचारलं. म्हटलं, तुझ्या मागं माझं काय, ते एकदा भावाशी बोल ना. आईनं मान भिंतीकडे वळवली. म्हणाली, "म्या न्हाई सांगनार. मी सांगितलं म्हनून त्यानं ठिवली तर ती माजी खोली झाली. तुजी कशी?" मला ते पटलं नाही. आपल्या आईनं आपल्यासाठी शब्दसुद्धा खर्ची घालू नये, ह्याचं मला फार वाईट वाटलं. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनंही माझी मनधरणी केली नाही.

भाताची कापणी सुरू झाली आणि आई गेली. सकाळी चहा पाजताना दुसरा घोट आत गेलाच नाही.

त्यानंतरचे दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मामा आला, चुलती आली, आईच्या माहेरच्या बायका आल्या. मागच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या. मला बसायला जागा नव्हती आणि बसवतही नव्हतं. मी सारखी उठून खिडकीशी जायचे. गरुड आला की नाही ते बघायचे. चुलती बायकांना म्हणाली, "आय मेली आन्‌ ही पाखरं बघतीया." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. रडू येत नव्हतं. आता ह्या सगळ्या जातील, सतरंज्या गुंडाळल्या जातील, मग खोली रिकामी दिसेल, आणि मग कुणीतरी काहीतरी बोलेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दहाव्याला घाटावर मंडप घातला होता. आमच्या भागात दहावा म्हणजे अर्धी सभाच असते. खुर्च्या, माईक, प्रवचन, आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. ज्यांनी आईला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं अशा चौघांनी तिच्यावर भाषणं केली. मातोश्रींचं सामाजिक कार्यात मोठं योगदान होतं, असं एक जण म्हणाला. आईचं सामाजिक कार्य म्हणजे नळावरची भांडणं, आणि त्यात तिचं योगदान खरंच मोठं होतं. भाऊ पहिल्या रांगेत, डोकं भादरलेलं, ओलं धोतर अंगाला चिकटलेलं, माइकपेक्षा नदीकडे जास्त बघत होता.

भाषणं आवरली आणि पिंड ओट्यावर ठेवला. भोवती आईच्या आवडीचं सगळं मांडलं: कांद्याची भजी, शिरा, कपभर चहा. गुरुजींनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. माणसं मागे सरली, गप्प झाली. आणि त्या शांततेत मला आंब्यातला कालवा ऐकू आला.

वर बघायच्या आधीच मी ओळखलं. शेजारच्या खाचरात उजाडल्यापासून कापणी चालली होती. भात पडायला लागलं की त्यातली जनावरं बाहेर पडतात. मी पायऱ्यांच्या कोपऱ्यात सरकले, पानांच्या फटीतून वर पाहिलं. तो बसला होता. पायाखाली धामण होती, चांगली लांबलचक, फांदीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी. दिवडीसारखी गिळून टाकण्याजोगी नव्हती. तो तिचे लचके तोडत होता, आणि गावातले सगळे कावळे त्याच्याभोवती थैमान घालत होते.

आईनं सांगितलेलं मला आठवलं. पण दगड मारणार कसा? शेदोनशे माणसं हात जोडून कावळ्यांची वाट बघतायत आणि मयताची लेक कावळ्यांच्या झाडावर दगड भिरकावतेय, हे कुणाला समजावून सांगणार होते? मी हातावर हात चोळत उभी राहिले.

माणसं चुळबुळायला लागली. "कावळं तर हायेत," कुणीतरी म्हणालं, "मग घोडं अडलंय कुटं?" मामा पुढे झाला, भावाला म्हणाला, "तिची गाय हाय न्हवं? तिचं बोल." भावानं हात जोडले. "आये, तुजी गाय इकनार न्हाई." कावळे वर ओरडतच राहिले. चुलतीनं कमरेच्या पिशवीतून मिसरीची डबी काढली आणि उघडून पिंडाजवळ सरकवली, म्हणाली की म्हातारीचं मिसरीवाचून पान हलत नव्हतं. तरी काही नाही. भावानं देवळाच्या मंडपाला फरशी घालायचं कबूल केलं. मी वर बघितलं. गरुडानं एक लांब पट्टा ओढून काढला, मान वर करून आत सोडला, आणि विसावा घेतला.

"आता लेकीचं बोल की," चुलती म्हणाली. हळू म्हणाली, पण अशा वेळी हळू बोललेलंच सगळ्यांना ऐकू जातं. "तिच्यातच जीव आडकला आसंल म्हातारीचा. कुटं जाईल ती आता?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भावजय आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होती. भावाचा जबडा हलला. तो बोलणार होता, ते मला दिसलं. इतक्या दिवसांत जे कुणी बोललं नव्हतं, ते आता शेदोनशे माणसांसमोर, पिंडाच्या साक्षीनं तो बोलणार होता, आणि एकदा तसं बोलल्यावर आमच्या गावात कुणाची शब्द फिरवायची छाती नसते. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

मला ती खोली हवी होती. किती हवी होती ते मी सांगू शकत नाही. पण ते सगळे डोळे अंगावर घेऊन उभी असताना मला इतकी लाज वाटली की तशी छापखान्याच्या मालकापुढे पगार मागतानाही कधी वाटली नव्हती. कावळ्याच्या चोचीतून ओढून काढलेली खोली मला नको होती. आणि दुसरी भीतीही होती. गरुडाचं अजून निम्मं जेवण बाकी होतं. भाऊ बोलला आणि तरीही कावळा आला नाही, तर लोक काय म्हणतील? खोटं बोलला म्हणतील. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलणारा नव्हता.

मी माणसांतून वाट काढत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या कानात म्हणाले, "काही बोलू नकोस. वर आंब्यात गरुड बसलाय, साप खातोय. सगळे कावळे त्याच्या मागं लागलेत. त्याचं झालं की येतील खाली."

"कुटं?" त्यानं वर बघितलं. त्याला दिसेना. मी त्याची मान दोन्ही हातांनी धरून वळवली, लहानपणी पतंग दाखवायला वळवायचे तशी. त्याला दिसला. "च्यायला," तो पुटपुटला. आईच्या पिंडासमोर. मग मला म्हणाला, "किती येळ?"

"निम्मा साप राहिलाय."

"आन्‌ मी काय बोलूच नगं म्हनतीस?"

"नकोच बोलू."

तो माझ्याकडे बघत राहिला. काय बघत होता कोण जाणे. मग वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "थांबूया. येतील."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना महाळुंग्याला दुसरा दहावा होता. दर्भाचा करूया का, असं त्यांनी दोनदा सुचवलं. भाऊ म्हणाला, न्हाई. चुलती म्हणाली, भैनीनं काय सांगितलं कानात? मी पायऱ्यांवरून खाली जायचे, वर यायचे. मामा खेकसला, "एका जागी हुबी ऱ्हा की जरा." माझं सगळं लक्ष त्या फांदीवर. धामणीचा एक वीतभर तुकडा उरला. तो त्यानं पायात धरला आणि खाईचना. बघत बसला. मग एकदाचा उचलला, मान मागे टाकून गिळला. फांदीला चोच पुसली, आधी एक बाजू, मग दुसरी. आणि बसला.

मला माहीत होतं की तो बसतो. इतके दिवस बघितलेलं होतं. पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या की आईनं ऐकल्या असत्या तर कान उपटले असते.

शेवटी तो उठला. पंख पसरले, पंखांखालचा पांढरा पट्टा दिसला, आणि शीळ घालत तो नदीवरून डोंगराकडे निघाला. आणि त्याच्यामागे सगळे कावळेही गेले. एकूण एक. आंबा चिडीचूप झाला. जमलेल्या माणसांना एवढंच दिसलं की होते नव्हते ते कावळेसुद्धा उडून गेले. एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. भावानं माझ्याकडे असं पाहिलं की मी वितळून नदीत जावं. "गेलं की समदं," तो दात आवळून म्हणाला.

"येतील," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

मग पलीकडच्या काठावरून एक आला. तो ह्या सगळ्यात नव्हताच बहुतेक. पायऱ्यांवर उतरला, तिरका तिरका उड्या मारत ओट्यावर चढला, आणि आधी भजी उचलून बाजूला ठेवली. माणसांनी श्वास रोखला. मग त्यानं पिंडात चोच घातली.

"शिवला! शिवला!"

सगळीकडून सुटकेचा आवाज आला. खुर्च्या सरकल्या, चपला शोधायची गडबड उडाली. गुरुजींनी सामान आवरलं. आणि चुलती माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाली, "बग. तुजं काय न बोलताच शिवला. तुजी काळजी नव्हती तिला. जीव कशात आडकलाच न्हवता म्हातारीचा."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे आपण लोकांना सांगतो. तो कावळा का आला नव्हता आणि का आला, हे त्या घाटावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी गरुडाचा एकेक घास मोजल्यासारखा पाहिला होता. तरी ते वाक्य माझ्या काळजात घुसलं. आईला माझी काळजी नव्हती. तिनं भिंतीकडे मान वळवली होती ती अशीच. आता भावानं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं, आणि ते कारण मी स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं. मला माझा राग आला, गरुडाचा आला, आईचा तर सगळ्यात जास्त आला.

माणसं घराकडे चढून गेली. ओट्यावर आता बाकीचे कावळेही परतून तुटून पडले होते. भाऊ पायऱ्यांवर पाय धूत होता. मी मिसरीची डबी उचलायला म्हणून मागे राहिले. तेवढ्यात भावजय खाली उतरून आली. विधी चालू असताना भावाचा फोन तिच्याकडे होता, पंच्यात गुंडाळलेला. तो वाजत होता.

"कुनाचा?" भावानं विचारलं.

"खोलीसाठी हाय." ती थांबली. "मागच्या. कालपास्नं तीनदा आला."

ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे बाहेर बोलणं झालेलं होतं. ती खोली रिकामी होणार हे कुणा परक्या माणसाला माझ्याआधी कळलेलं होतं. माझ्या हातातली डबी मी इतकी घट्ट धरली की तिचं झाकण वाकलं.

भावानं ओला हात धोतराला पुसला, फोन घेतला. "हां, बोला." पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. नदीकडची खोली, फॅमिली आहे, पैसे आगाऊ देतो, कधी खाली होईल. भाऊ ऐकत राहिला. त्याला हिंदी नीट येत नाही, भाडेकरूंशी बोलताना नेहमी अडखळतो. भावजय हातवारे करून काहीतरी सांगत होती. त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली.

"कब खाली होगा, भैया?" पलीकडून पुन्हा विचारलं.

"वो खोली खाली नहीं होगा," भाऊ म्हणाला. "मेरी बहन रहती है उधर."

त्यानं फोन बंद करून भावजयीच्या हातात दिला. ती पंचा झटकून म्हणाली, "चला वन्सं, पानं मांडायची हायेत," आणि वर चढायला लागली. भाऊ तिच्या मागे गेला. त्यानं वळूनही बघितलं नाही.

दहा दिवसांत मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं. आईसाठी आलं की त्याच्यासाठी ते मला कळलं नाही, पण मोठ्यांदा आलं, आणि ओट्यावरचे कावळे दचकून उडाले.